न वाजलेला भोंगा

मित्रांनो, कन्हान नदीच्या काठावर, पूरभिंतीच्या टोकाला, लोखंडी खांबावर एक गंजका भोंगा दिसतो ना, तो मी. मला वीज लागत नाही. कडेचा दांडा धरून फिरवला, की माझा आवाज पार पलीकडच्या शेतांपर्यंत जातो.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला बोलते केले ते इथल्या चौकीदाराने, धोंडबाने. दर शनिवारी तो माझ्या सांध्यांत तेल सोडायचा. नदी चढू लागली की दांडा फिरवायचा आणि खालची वस्ती लेकराबाळांसह उंचावरच्या शाळेत जाऊन बसायची. पूर ओसरल्यावर लोक येता-जाता माझ्या खांबावर हात ठेवून जायचे.

पुढे उंच पूरभिंत झाली. विजेवरचा नवा भोंगा आला. धोंडबा कामावरून निवृत्त झाला आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. पावसाचे पाणी माझ्या सांध्यांत मुरत राहिले.

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका सकाळी, पाणी भिंतीवरून आत आले. वीज आधीच गेली होती. नवा भोंगा मुका. म्हातारा धोंडबा धावत माझ्याकडे आला. दोन्ही हातांनी त्याने दांडा ओढला, खांदा लावून रेटला. मी हललो नाही. मित्रांनो, मला हलायचे होते. शेवटी मला सोडून तो वस्तीत उतरला आणि ओरडत दारोदार फिरला. सगळी वस्ती बाहेर निघाली. धोंडबा निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तो खालच्या बाभळींत सापडला.

तेव्हापासून वारा माझ्या फटींत शिरला, की 'उठा गा, उठा' असे ऐकू येते. तो आवाज माझा नाही. वस्तीतली मुले या बाजूला खेळायला येत नाहीत.

गेल्या जानेवारीत नागपूरच्या एका शाळेची सहल पूरभिंत पाहायला आली. सोबत त्यांची शिक्षिका होती, दीक्षा, धोंडबाची मुलगी. तिने मुलांना भिंतीची उंची सांगितली, पाण्याची दारे कशी बंद होतात ते दाखवले. मग ती त्यांना माझ्यापाशी घेऊन आली. तेवढ्यात वारा सुटला आणि मुले एकमेकांना बिलगली.

दीक्षाने पिशवीतून तेलाची बाटली काढली. ती तयारीनेच आली होती. तेल सोडून ती थांबली. मुलांचे डबे खाऊन झाले. मग तिने दांडा धरला. आधी काहीच झाले नाही. मग आत काहीतरी करकरले, आणि मी वाजलो.

आभाळ निरभ्र होते. तरीही खालची दारे उघडली. बायका लेकरे उचलून, गाठोडी घेऊन निघाल्या. कोणी कोणाला काही विचारले नाही. रुखमाबाई नावाची एक म्हातारी धापा टाकत वर आली. तिने दीक्षाचे तेलकट हात पाहिले.

"पाणी आलं का वं?"

"नाही आजी. वाजतो का, ते पाहून राहिली होती."

म्हातारीने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"चार वर्सं उशीर झाला त्याले," ती म्हणाली आणि माझ्या खांबाशी खाली बसली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीतही संकटासाठी ठेवलेली एखादी घंटा असेल, एखादा भोंगा असेल. एखाद्या निवांत दिवशी त्याला हात लावून बघा. वेळेवर न निघालेला आवाज कुठे जात नाही. तो आतच राहतो.