सहादूच्या जीपवरची एरियल

मी गाडीच्या रेडिओची एक जुनी एरियल आहे, मित्रांनो, आणि तीही मोडकी. नाशिकच्या पंचवटीत, पेठ रोडवरच्या एका गॅरेजात, गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात मी पडून आहे. इथे ऊन लागत नाही, वारा लागत नाही. वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं तर काय सांगावं ते मला कळत नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. एकात एक सरकणाऱ्या चकचकीत नळ्या, खाली रबराचं बूड आणि एक काळी वायर, एवढंच माझं शरीर. याच गॅरेजात चंदर मिस्त्रींनी मला सहादूच्या जीपवर बसवलं. सहादू पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहायचा. चारही चाकांना जोर असलेली त्याची जीप दगडगोट्यांतून, ओढ्यांतून माणसं आणि नागलीची पोती घेऊन जायची. सावळघाटात रेडिओ खरखरायला लागला की सहादू गाडी थांबवून मला हाताने पूर्ण वर ओढायचा.

"उज्वले, आता साफ येतो का गं?" तो बाहेरून ओरडायचा.

"येतो, येतो. या आता आत," त्याची बायको हसून म्हणायची.

बाजाराला जाताना ती नेहमी त्याच्या शेजारी बसायची. बातम्या, भजनं, शेतीच्या गप्पा, सगळं वळणावळणावर चालू असायचं. मागे बसलेले म्हणायचे, "सहादूच्या गाडीत रस्ता कळत नाय." ते ऐकून मी आणखी ताठ उभी राहायचे. भाताची खाचरं रिकामी झाली की तो त्यातच उज्वलाला जीप चालवायला शिकवायचा.

मग एका उन्हाळ्यात सहादू दुपारी ओट्यावर टेकला आणि पुन्हा उठलाच नाही.

जीप आंब्याखाली उभी राहिली. उज्वला फारशी रडलीही नाही. ती भाकरी करायची, पाणी भरायची, शेतावर जायची. कोणी बोललं तर मान हलवायची. कपडे वाळत घालायला तिने माझ्या गळ्यात दोरी बांधली, तेव्हा तिची नजर कुंपणाच्या खुंटावरून जावी तशी माझ्यावरून गेली. आकाशातून आवाज येतच होते, माझ्या अंगातून वायरीत उतरत होते. खाली रेडिओ बंद होता. हळूहळू मलाही काही वाटेनासं झालं.

पावसाळ्यात, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत शेजारची सरुबाई चिखलाच्या पायांनी धावत आली.

"उज्वला, गाडी काढ! माझ्या सुनेला, स्नेहलला साप चावला!"

"मला नाय जमायचं, काकू." उज्वला जागची हलली नाही. "ते गेल्यापासून मी गाडीला हात लावला नाय."

"मग कोण नेईल तिला? तूच सांग."

उज्वलाने माझ्या गळ्यातली दोरी ओढून काढली. पाड्यावरच्या माणसांनी धक्का मारून जीप सुरू केली.

सडकेवरची ओढ्याची मोरी वाहून गेली होती, म्हणून तिने जंगलातली बैलगाडीची वाट धरली. मागे सरुबाई सुनेला कुशीत घेऊन बसली होती. "झोपू नको गं, डोळे उघड," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. चढावर चाकं चिखलात जागच्या जागी फिरायला लागली. उज्वलाने पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. जीप हलली, आणि समोर सागाची आडवी फांदी आली. थांबली असती तर गाडी पुन्हा निघाली नसती. ती थांबली नाही. मी मधूनच तुटले. दुखलं नाही.

पेठच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं, स्नेहल वाचली. सरुबाईने उज्वलाचे हात हातात घेतले. उज्वला नुसती त्या हातांकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच जीप घेऊन पंचवटीत आली. ब्रेक दाखवायचे होते.

"सहादूभाऊ नाही आले, वहिनी?" चंदर मिस्त्रींनी विचारलं.

"ते गेले. उन्हाळ्यात."

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. ब्रेकचं काम झाल्यावर त्यांनी माझं थोटूक उपटून बाकावर ठेवलं.

"रेडिओ लावता का तुम्ही? लावत नसाल तर भोक बुजवून देतो. पाणी शिरणार नाही."

"बुजवा."

मिस्त्रींनी पत्र्याचा तुकडा हातात घेतला, पण लगेच लावला नाही. उगाच त्याची कड घासत राहिले. उज्वला त्या रिकाम्या भोकाकडे बघत होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "नवी बसवा."

नवी एरियल बसली. थोडी खरखर झाली आणि कोणीतरी भातावरच्या किडीविषयी सांगू लागलं. उज्वला तिच्या नेहमीच्या जागेवर, शेजारच्या सीटवर बसून ऐकत राहिली. मग ती सरकून स्टिअरिंगमागे गेली आणि तिने गाडी सुरू केली. रेडिओ बंद केला नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. पण तुमच्या घरात, शेजारीपाजारी कोणी एकाएकी गप्प झालं असेल, तर कामं करतंय म्हणजे बरं आहे, असं समजू नका. त्याला साधंच काहीतरी विचारा. आणि 'नको' असं उत्तर आलं, तरी लगेच उठून जाऊ नका. थोडं थांबा.