दोन बोटं आखूड

स्टेनोने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. पण तोवर हेडफोनमधल्या बाईने सांगितलेला पत्ता कागदावर उतरला होता: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शिवणकामाच्या दुकानावरची खोली.

शत्रूचं रेडिओ स्टेशन रोज दुपारी दोन वाजता गोड आवाजात थापा मारायचं आणि मधूनमधून पकडलेल्या तीन सैनिकांची नावं, पत्ते आणि निरोप वाचायचं. नावांच्या ओढीने लोक थापाही ऐकतील, असा त्यांचा डाव. म्हणून साध्या माणसाने ते स्टेशन लावणं गुन्हा होता. तशी ताकीद देणारी भित्तीपत्रकं याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तयार होत. खालच्या मजल्यावर चौघांना मात्र पगार मिळायचा तो हेच ऐकण्याचा.

आजचा तिसरा निरोप होता, 'आई, मी बरा आहे. गुडघा आता कुरकुरत नाही.'

त्या आईला स्टेनो ओळखत होती. तिच्या शाळेच्या गणवेशापासूनचे कपडे त्याच मावशींच्या हातचे. दोन महिन्यांपूर्वी मुलगा बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हापासून मावशी नुसतं मशीन चालवत. बोलणं हं-हूंपुरतं उरलं होतं.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांना कचेरीत पाठीमागे 'कायदा' म्हणत, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी तिन्ही निरोप सावकाश वाचले.

"साहेब, खात्री व्हायला किती दिवस लागतील?"

साहेबांनी घसा खाकरला. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवयच होती. "सहा आठवडे. दोन महिनेही. शत्रू खोटं बोलतो, हे तुम्हाला सांगायला हवं का?"

"नाही."

"इथे ऐकलेलं इथेच राहतं. सही केलीय तुम्ही."

कागद 'खात्री बाकी' लिहिलेल्या फाइलमध्ये गेला. थोड्या वेळाने साहेब तासाभरासाठी बाहेर पडले. मुख्यालयात गेले असतील, म्हणून कुणी विचारलं नाही.

पाच वाजता स्टेनो निघाली. सही मोडली तर नोकरी जाईल, वर तुरुंग. हे सगळं तिने स्वतःला दोनदा समजावलं, तरी पाय टाकीकडेच वळले. गल्लीच्या तोंडाशी नवं भित्तीपत्रक होतं: 'ऐकीव गोष्ट, शत्रूला साथ.' ती मान खाली घालून जिना चढली.

मावशी मशीनवर होत्या. समोर एक गडद राखाडी पँट.

"ये गं. बैस."

"मावशी, एक सांगायचंय. मला कुठून कळलं ते तेवढं विचारू नका."

मशीन थांबलं. "गुडघ्याचं का?"

स्टेनो जवळच्या स्टुलावर टेकली.

"मघाशी एक जण येऊन गेले," मावशी म्हणाल्या. "वयस्कर. म्हणाले, ही पँट दोन बोटं आखूड करा. मी म्हटलं, साहेब, लांबी बरोबर आहे, घोटे उघडे पडतील. म्हणाले, पडू देत. मग बराच वेळ घसाच खाकरत बसले. आणि मग सांगितलं."

"तुम्हाला खरं वाटलं?"

"आधी नाही. पण झाडावरून पडल्यापासून त्याचा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. मी चिडवायची, दाराला तेल घालते तसं तुलाही घालू का? हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत असणार?" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "नाव विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक. एवढा मोठा निरोप आणून दिला त्या माणसाने, मी साधं पाणीही विचारलं नाही गं. तू ओळखतेस त्यांना?"

स्टेनो पँटकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पण मावशी, शिलाई पक्की घाला."

"ते काय सांगायला हवं? या पँटीचा टाका जन्मात उसवायचा नाही. आणि तूही जीव मुठीत धरून आलीस ना?" मावशींनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दोन दिवसांनी साहेब कचेरीत आले, तेव्हा त्यांचे मोजे दारातूनच दिसले. शेजारचा कारकून म्हणाला, "कायदा आटला वाटतं धुण्यात." सगळे हसले. स्टेनोला हसू आलं नाही. साहेब टेबलापाशी पोचेपर्यंत ती उभी राहिली होती. असं ती याआधी कधी उभी राहिली नव्हती.

दुपारी ती नवे निरोप घेऊन गेली. साहेबांनी वाचले, घसा खाकरला.

"परवा घरी लांबच्या वाटेने गेलात म्हणे. शिंपीणबाई म्हणाल्या."

"हो साहेब."

"पाय दुखले?"

"नाही."

साहेबांनी कागद 'खात्री बाकी'च्या फाइलमध्ये ठेवला, पण फाइल मिटली नाही.

"यातले दोन पत्ते माझ्या वाटेवर आहेत," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तिसरा नाही."