शालूबाईंचा डेस्कटॉप

पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तरी ऑफिसात कुणी 'नवशिक्याला कोणता डेस्कटॉप द्यावा' असा विषय काढला की हर्षाला आर्वीतला आईचा टायपिंगचा क्लास आठवायचा. शाईच्या फितीचा आणि मशीनच्या तेलाचा वास, ओळ संपली की वाजणारी घंटी, आणि त्या सगळ्या खडखडाटावर चढणारा आईचा आवाज, "बोटाइकडं नको पाहू व, कागदाइकडं पाह्य!"

गोष्ट २००६ सालची. हर्षाची आई, शालूबाई, बावीस वर्षं टायपिंग शिकवत होत्या. पार रोहण्याहून मुली एसटीनं यायच्या. पण त्या उन्हाळ्यात नवं नाव एकच आलं, रोहण्याच्या उज्वलाचं. बाकी जी ती कॉम्प्युटरचं विचारून परत जायची. शेवटी शालूबाईंनी बंद झालेल्या एका सेंटरमधला जुना कॉम्प्युटर आणवला. तो सुरू तर व्हायचा, पण आतली सिस्टीम काही उघडेना. हर्षा तेव्हा वर्ध्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शनिवारी घरी आली ती मित्राकडून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमच्या सीड्या घेऊनच.

लिनक्स बसलं. नाव टाकायच्या पडद्यावर एक निवड होती, केडीई की ग्नोम. आतली सिस्टीम तीच, पण वरचं रूप, म्हणजे मेनू, पट्ट्या, खिडक्या, दोन तऱ्हांचं.

"हे दोन काऊन?" शालूबाईंनी विचारलं.

"ते तू सोड. तुला केडीईच बरं," म्हणत हर्षानं केडीई उघडलं. खाली जाडजूड पट्टी, तिच्यावर रंगीत चित्रांची रांग, आणि काहीही उघडायला घेतलं की माऊसच्या बाणाशेजारी उड्या मारणारं छोटं चित्र. हर्षा दिवसभर ते सजवत बसली. शालूबाई मागं उभ्या राहून नुसतं हूं हूं करत होत्या. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं हर्षा वर्ध्याला गेली, आईचं एक काम मार्गी लावल्याच्या समाधानात.

पुढच्या शनिवारी ती आली आणि दारातच थबकली. पडद्यावर केडीई नव्हतंच. ग्नोम होतं. मोकळं, शांत, मेनू वरच्या कडेला.

"हे कुणी केलं?"

"मीच. नाव टाकतानी ते दुसरं दिसलं, म्हटलं पाहू तरी."

हर्षाला राग आला. "अगं, अख्खा दिवस घातला होता मी! नवशिक्याला तेच सोपं जातं."

"तुले सोपं जाते," शालूबाई शांतपणे म्हणाल्या. "मले कोणी विचारलं? मशीन कोणत्या घ्याच्या ते तुया बाबानं ठरवलं. क्लास कुठी उघडाचा ते मामंजीनं. आता हे तरी मले पाहून घेऊ दे."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांनी घेतलेल्या त्या दहा मशीन आई रोज सकाळी स्वतः पुसायची; त्या तिला आवडतात की नाही हे हर्षानं कधी विचारलं नव्हतं.

मग शालूबाईंनीच तिला बसवलं आणि कारण सांगितलं. "हे पाह्य. तुयी पट्टी खाली. पोरगी तिकडं पाह्यली की नजर उतरते, उतरली की बोटाइवर जाते. बावीस वर्षं मी पोरीइची नजर वर ठेवून राह्यली. याचा मेनू वर हाय. म्हणून हे."

कॉलेजात मुलं या दोन डेस्कटॉपांवरून तासन्‌तास भांडायची, पण असं कारण हर्षानं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं हळूच सांगितलं, "आई, केडीईची पट्टीपण वर नेता येते."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलंच नाहीस."

"तू विचारू कुठी देल्लं?"

दोघी हसल्या. शालूबाईंनी पट्टी वर कशी न्यायची ते तीनदा करून घेतलं आणि केडीईलाही आठ दिवस दिले. रोज दुपारी दोन तास, भारनियमनाचे तास सोडून, त्या एकट्या बसायच्या आणि एसटीडीवरून हर्षाला वसतिगृहात फोन करायच्या. 'खिडकी हरवली', 'सापडली', 'ते उड्या मारणं बंद केलं.' त्या आठवड्यात आई जितकं बोलली, तितकं आधीच्या चार वर्षांत बोलली नसेल.

शेवटी कौल ग्नोमलाच मिळाला. "त्याच्यात पसारा कमी हाय," एवढंच त्या म्हणाल्या. उज्वलाला मात्र केडीईच आवडलं, उड्यांसकट. हर्षाला वाटलं, आई रागावेल. पण शालूबाई म्हणाल्या, "तिच्या नावाचं वेगळं खातं उघडून दे. तिले तिच्या आवडीचं राहू दे. नजर वर ठेवाची ते मी पाह्यतो."

वर्षभरात तिथं तीन कॉम्प्युटर झाले आणि मुली पुन्हा येऊ लागल्या. पण हर्षाच्या मनात राहिली ती कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्गाची दुपार. रविवार होता, तिची चारची गाडी होती. पाच मुली एका पडद्याभोवती दाटीवाटीनं बसलेल्या, उज्वला जागा नसल्यानं मागं उभी, आणि शालूबाई, हातात खडू घेऊन, फळ्यावर खिडकी काढून ती लहान कशी करायची, मोठी कशी करायची ते सांगत होत्या. हर्षा कोपऱ्यातल्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन ऐकत बसली. हे सगळं तिला येत होतं. तरी उठवेना.

मध्येच शालूबाईंचं लक्ष तिच्याकडं गेलं.

"तुयी गाडी व?"

"गेली."

"मंग सरक तिकडं," शालूबाई म्हणाल्या, "उज्वलाले बसू दे."