गव्हातली शार्डोने

पिशोरहून, माहेरच्या बाळंतपणातून परतल्या परतल्या द्वारकानं लेकीला पाळण्यात ठेवलं आणि आधी धान्याच्या कोठीत दंडापर्यंत हात घातला. गहू कोमट लागला.

"आत्याबाई, गहू कधी भरला?"

"कालच. चांगली उन्हं दिली गच्चीवर. हाताला चटका बसत व्हता, तसाच वतला. किड्याची काय बिशाद!" सासूबाई, सरूबाई, शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या. "तुझी वाईनची बाटली मातर हलवली नाय हां. कोठीच्या तळाशी आडवीच हाय."

गेल्या उन्हाळ्यात द्वारका घरी होती, तेव्हा गहू निववून मगच कोठीत गेला होता. यंदा माहेरी निघताना सांगून जायचं राहिलं.

शहराबाहेरच्या वायनरीत ती प्रयोगशाळा सांभाळायची. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली आपली भारी शार्डोने, ही पांढरी वाईन, इथल्या घरात उन्हाळा काढत नाही, असं मालक तात्यासाहेब म्हणत. जपली तर आणखी मुरते, असं द्वारका म्हणायची. "मग दोन वर्षं घरी टिकवून दाखव. पिंपांची खोली तुझ्या हाती देतो," ते म्हणाले होते. त्या खोलीसाठी तिचा जीव तुटत होता, म्हणून उन्हाची झळ लागू नये अशी तिनं बाटली कोठीतल्या गार गव्हात ठेवली होती. आता दोन वर्षं भरली होती आणि रविवारी ते चाखायला येणार होते.

"दुकानातून नवी आणू की," नवरा, बद्रीनाथ, म्हणाला. "धूळ चोळली की झाली जुनी."

"धूळ बाटलीला चोळशील. आतल्या वाईनला काय चोळणार?"

रविवारी तात्यासाहेबांनी वायनरीच्या थंड खोलीतली, त्याच सालची बाटली सोबत आणली. दोन पेले शेजारी ठेवले. द्वारकानं पहिला घोट तोंडात घोळवला आणि वाटीत थुंकला.

"अगं, लेकराला पाजती बाई तू!" सरूबाई दारातून ओरडल्या.

"तोंडात घेते आत्याबाई, पोटात नाही."

थंड खोलीतली तिला ओळखीची लागली. ताजं लोणी, भाजलेले बदाम आणि शेवटी लिंबाची बारीक धार. मग घरची. रंग करडईच्या तेलासारखा गडद. वास उकडलेल्या सफरचंदाचा, जिभेवर नुसती जड गोडी, धार गायब.

तात्यासाहेबांनी मात्र मान डोलावली. "वाईट नाही गं. मधासारखी लागते. मुरली म्हणायची."

पाळण्यात लेक कुरकुरली. द्वारकानं तिला उचललं, छातीशी धरलं, टाळूवर ओठ टेकवले. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"मुरली नाही, तात्यासाहेब. शिजली. तापला गहू या बाटलीवर पडला. चूक माझी, सांगून गेले नाही."

"मी पास करत होतो तुला."

"कळलं मला. पण आज या वाईनला चांगली म्हटलं, तर उद्या पिंपातल्या बिघडलेलीलाही चांगलीच म्हणेन."

त्यांनी घरच्या वाईनचा पेला पुन्हा हुंगला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "जीभ खरी आहे तुझी. पण बोली बाटलीची होती. खोली यंदा नाही देत."

"नका देऊ. बाटल्या द्या, सहा. दर चार महिन्यांनी एक उघडीन. बिघडलीच तर कधी बिघडली ते तरी कळेल."

"आणि ठेवणार कुठं?"

"जिन्याखाली, हौदाच्या भिंतीला लागून. शुक्रवारपासून तापमापक टांगलाय तिथं. भर दुपारीही पारा फारसा हलत नाही."

"तिथं माझ्या पापडाचे डबे हायेत!" सरूबाई कडाडल्या.

"ते माळ्यावर जातील."

"घ्या! दारूपायी पापड बेघर!"

तात्यासाहेब हसत बाटल्या आणवायला फोन लावू लागले. द्वारकानं लेकीला सासूच्या कडेवर दिलं, पदर खोचला, जिन्याखाली गुडघ्यांवर शिरली आणि पहिला डबा बाहेर ढकलला.