माझी मुलगी आत आहे

भिंगरीने कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा तास बुडवला, तो एका खटारा स्कूटरसाठी.

घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव तिच्या मागोमाग कॉलेजातही येऊन पोचलं होतं. आता दुसऱ्या वर्षाला मात्र ती एका जागेला चिकटून असायची. शेवटच्या रांगेतली, खिडकीजवळची जागा. तिथे सकाळचं ऊन पाठीवर यायचं. समोरच्या गच्चीवर एक आजी कपडे वाळत घालता घालता कबुतरांशी कडाकडा भांडायच्या, आणि ते भांडण दिसायचं ते फक्त तिथूनच. त्या जागेसाठी ती सगळ्यांच्या आधी पोचायची आणि बाकावर बॅग टाकली की मगच तिला हुश्श व्हायचं.

त्या दिवशी बॅग टाकून ती बसणार, तोच शिट्टी आली. शिट्टी म्हणजे तिची मैत्रीण. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की कॉलेजचा वॉचमनसुद्धा दचकून उभा राहायचा.

"ऊठ. मामांनी स्कूटर दिली."

"कुठली? ती खोकणारी?"

"खोकते, पण धावते. चल, मागच्या मैदानात कोणी नाहीये. तुला शिकवते."

"अगं, अर्थशास्त्राचा तास आहे."

"अर्थशास्त्र उद्याही असेल. मामांचं मन उद्या असंच असेल याची काय खात्री?"

भिंगरी हसली. जागा कोणी बळकावू नये म्हणून बॅग तिथेच ठेवली आणि दोघी मागच्या दाराने सटकल्या. मोबाइल बॅगेतच राहिला, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मैदानात तिने पहिल्यांदा स्कूटर बंद पाडली, मग पुन्हा बंद पाडली, मग थेट झुडपात घातली. शिट्टी पोट धरून हसत होती. पण नंतर कधीतरी जमलं. हँडल हाताला कळायला लागलं, वारा कानात शिरला, आणि भिंगरीने एक अख्खी फेरी कुणाच्याही मदतीशिवाय मारली. "बघितलंस का? बघितलंस ना?" ती ओरडत होती. मधेच कुठूनतरी धाडकन मोठा आवाज झाला. ट्रकमधून काहीतरी उतरवत असतील, असं वाटून दोघींनी लक्ष दिलं नाही. नंतर त्यांनी मैदानापलीकडच्या टपरीवर एका कपातला चहा दोघींत प्यायला आणि हातावरचे ओरखडे एकमेकींना अभिमानाने दाखवले.

परत येताना स्कूटर शिट्टी चालवत होती. कॉलेजच्या वळणावर तिने करकचून ब्रेक लावला.

फाटकाशी ही गर्दी. लाल बंब उभा. आणि मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर, जिथे त्यांचा वर्ग होता, तिथे कोपराच नव्हता. भिंत अर्धी उभी होती. बाकीची छपरासकट खाली अंगणात येऊन पडली होती. विटा, सळया, खिडकीची चौकट, मोडलेले बाक. सगळ्यावर पिठासारखी धूळ.

"आपला वर्ग," शिट्टी म्हणाली.

भिंगरी उतरली. पाय आपलेच आहेत की दुसऱ्या कुणाचे, असं काहीतरी वाटत ती चालू लागली. गर्दीतले लोक तिच्याकडे बघत नव्हते. सगळे ढिगाऱ्याकडे बघत होते आणि मधूनच कुणीतरी ओरडत होतं, "शांत राहा! आवाज येतोय का बघू द्या!"

गर्दी गप्प झाली. आणि त्या शांततेत ढिगाऱ्याखालून बदक ओरडलं.

क्वॅक, क्वॅक, क्वॅक.

ती भिंगरीच्या मोबाइलची रिंग होती. फक्त एकाच माणसाच्या फोनला तिने गंमत म्हणून ती लावली होती. बाबांच्या.

घडलं होतं ते असं. सरांचा घसा बसला होता. आवाज मागे पोचेना, म्हणून तास सुरू होताच त्यांनी सगळ्यांना हाताने पुढे बोलावलं, "मागे कोणी बसू नका रे, ओरडायचं त्राण नाही मला." मुलं कुरकुरत पुढे आली. थोड्या वेळाने मागच्या बाजूचं छत करकरलं आणि कोपऱ्याची भिंत घेऊन खाली गेलं. सरांचा हात मोडला, काही मुलांना खरचटलं, एकीचं डोकं फुटलं, पण सगळे चालत बाहेर आले. बाहेर आल्यावर एका मुलीला आठवलं. "भिंगरी कुठेय? तिची बॅग तर मागे होती!" मग दुसऱ्याने सांगितलं की त्याने तिला सकाळी त्या जागेवर उभं पाहिलं होतं. मग तिसरा म्हणाला, ती पुढे आलीच नाही. बघता बघता सगळ्यांची खात्री झाली.

भिंगरीच्या बाबांचं सलून कॉलेजपासून दोनच गल्ल्या पलीकडे होतं. आवाज त्यांनीही ऐकला. तेव्हा खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते, गालाला साबण लावलेला. दाढी अर्धी झाली होती. रस्त्यावरून कुणीतरी "कॉलेज पडलं!" म्हणत पळत गेलं आणि बाबांच्या हातातला वस्तरा तसाच टेबलावर पडला.

भिंगरी गर्दीतून वाट काढत पुढे आली तेव्हा तिला ते दिसले. ढिगाऱ्यावर गुडघे टेकून हातांनी विटा उपसत होते. कमरेला सलूनचा एप्रन, पायात चप्पल नाही. केस, भुवया, मिशा धुळीने पांढऱ्या. एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे. एका हाताने वीट बाजूला करायची, दुसऱ्या हाताने फोन लावायचा, कान टेकवायचा, बदक ओरडलं की त्या दिशेला पुन्हा उपसायला लागायचं. त्यांच्या शेजारी पोस्टमास्तर होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण, गळ्यात अजून सलूनचं कापड बांधलेलं. तेही उपसत होते.

"सलूनवाले, बाजूला व्हा," बंबावरचा एक जवान सांगत होता. "वरचा भाग अजून लोंबकळतोय. आम्ही काढतो. तुम्ही व्हा बाजूला."

"ती आवाज देतेय," बाबा म्हणाले. "हे काय, देतेय ना आवाज."

भिंगरीला हाक मारायची होती. पण आधी त्यांच्यापाशी पोचायला हवं होतं. ती जवानांनी बांधलेली दोरी ओलांडून पुढे गेली, ढिगाऱ्यावर चढली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांनी वळून पाहिलं. सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ओळखीची खूणसुद्धा नव्हती.

"बाळ, बाजूला हो," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात, सलूनमध्ये आलेल्या एखाद्या लहान पोराशी बोलावं तसे. "तुला लागेल. माझी मुलगी आत आहे."

आणि ते पुन्हा उपसू लागले.

भिंगरी तशीच उभी राहिली. तिला क्षणभर खरंच वाटलं की आपण आत आहोत. खाली, बदकाच्या आवाजापाशी. इथे उभी आहे ती दुसरीच कुणीतरी. तिने आपल्या हातावरचे ओरखडे पाहिले. त्यातून थोडं रक्त येत होतं.

"बाबा," शेवटी तिच्या घशातून निघालं. "बाबा, मी इथे आहे."

"हो, हो," ते न वळता म्हणाले. "आलोच. घाबरू नकोस. आलोच मी."

पोस्टमास्तरांनी मात्र मान वर केली. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग परत भिंगरीकडे. त्यांच्या हातातली वीट पडली. त्यांनी बाबांची दोन्ही मनगटं धरली.

"अहो, थांबा. ही बघा. ही बघा ना इकडे, ही कोण आहे!"

"सोडा मला."

"अहो, तुमची भिंगरी आहे ही!"

बाबांनी पुन्हा पाहिलं. या वेळी फार वेळ पाहिलं. मग हात पुढे करून तिचा गाल चाचपला, कान चाचपला, केसांत हात घालून डोकं चाचपलं, कुठे काही फुटलंय का बघावं तसं. त्यांच्या बोटांचं रक्त तिच्या कपाळाला लागलं.

"मग आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. बॅग आहे. नुसती बॅग आहे."

त्यांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते रडले नाहीत, तिला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. तिथेच विटांवर बसले आणि हात मांडीवर ठेवून हातांकडे बघत राहिले. मागे गर्दीत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. भिंगरीला वाटलं, ओरडून सांगावं, टाळ्या नका वाजवू, त्यांना बसू द्या.

जवानांनी त्यांना खाली आणलं, बोटांना पट्ट्या बांधल्या. शिट्टी एका बाजूला उभी राहून हमसून रडत होती. "माझ्यामुळे, काका, मीच नेलं तिला," असं म्हणत होती. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "बरं केलंस गं."

पोस्टमास्तर त्यांच्या सोबत सलूनपर्यंत आले. दार सताड उघडं होतं, पंखा फिरत होता. बाबांनी सवयीने एप्रन झटकला, वस्तरा उचलला आणि खाली ठेवला. पट्ट्या बांधलेल्या बोटांत तो बसेना.

"राहू द्या हो," पोस्टमास्तर म्हणाले. "आमच्या घरी विचारलं तर सांगेन, नवी फॅशन आहे." ते स्वतःच हसले, मग एकदम तोंड फिरवून घाईघाईने निघून गेले.

घरी आई दुपारी नुकतीच कामावरून आली होती. ती लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. तिथे दिवसभर यंत्रांचा आवाज, त्यामुळे तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. दारात दोघांना धुळीने पांढरंफटक पाहून ती आधी चिडली. "हे काय सोंग? कुठे लोळून आलात?"

बाबांनी सांगायचा प्रयत्न केला. एक वाक्य झालं, दुसरं अडकलं. मग भिंगरीने सांगितलं. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. इतकी शांत, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत सांगतेय. ढिगाऱ्यावर बाबांनी आपल्याला ओळखलं नाही, तेवढं मात्र तिने गाळलं.

आई ऐकत राहिली. उठून तिने पाणी तापवायला ठेवलं, बाबांना खुर्चीत बसवलं, ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. पांढऱ्या धुळीखालून हळूहळू त्यांच्या काळ्या मिशा वर आल्या. बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला.

दुपार टळल्यावर आईने परातीत मटाराच्या शेंगा घेतल्या आणि जमिनीवर बसली. भिंगरी शेजारी बसली. उन्हं उतरायला लागली होती. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. भिंगरीने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. तिसरी सोलताना तिचा हात हलू लागला. आधी थोडा, मग इतका की दाणे परातीबाहेर उडाले आणि फरशीवर टप टप करत कपाटाखाली गेले. दात वाजायला लागले. ती वाकून दाणे गोळा करू लागली, तर तेही जमेना.

"आई, थांबतच नाहीये," ती म्हणाली. "बघ ना, थांबतच नाहीये."

आईने परात बाजूला सारली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पदराखाली, पोटाशी घट्ट दाबून धरले.

"हलू दे," ती म्हणाली. "सांडू दे. उचलू मग."