दैवशालाकाकूची तोंडी परीक्षा

"आता हे वाक्य मोठ्यानं वाच," मी म्हणाले, तर काकूनं पुस्तक उचलून माझ्याच मांडीवर ठेवलं.

"ते मला जमत न्हाई. दुसरं काय बी इचार."

दुसरं सगळं तिला येत होतं, हीच तर गंमत! नाटकाच्या संज्ञा मी, बारावीतली हुशार तृप्ती, आठवडाभर समास आखून वहीत उतरवत होते. दैवशालाकाकूनं त्या खिचडी ढवळता ढवळता संपवल्या.

"नेपथ्य?"

"सुपरवायझर मॅडम येनार म्हनलं की आमी अंगणवाडीत भिंतीला तक्ते लावतो, त्या गेल्या की काढून ठेवतो. ते."

"स्वगत?"

"तुझी आजी भाकरी थापताना चुलीशी बोलती ना, ते."

"पण ते आपल्याला ऐकू येतं की!"

"प्रेक्षकाला ऐकवायलाच असतंय, बाई. फकस्त सुनंनं उत्तर द्यायचं न्हाई."

हे मी बोर्डाच्या पेपरात लिहिणार आहे, मार्क गेले तरी चालतील.

काकू आमच्या वडीगोद्रीच्या अंगणवाडीत सोळा वर्षं मदतनीस आहे. सेविकाबाई मे महिन्यात निवृत्त होणार. त्यांच्या जागी बसायचं तर बारावी पास हवं, म्हणून काकूनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेला. नापास झाली तर कुणीतरी कालची पोरगी त्या खुर्चीत बसणार आणि काकू आपली नाकं पुसत, खिचडी वाढत राहणार.

आणि गाडी अडली होती नायकाच्या नावावर. पाठातल्या नाटकाचा नायक बद्रीनाथ, आणि माझ्या काकांचं नावही बद्रीनाथ! लग्नातल्या उखाण्यानंतर काकूनं ते नाव उच्चारलेलं नाही. शेजारच्या साळूबाई चारधाम करून आल्या, तेव्हाही हिनं विचारलं, "केदारनाथ झालं, आन् त्याच्या पुढलं?"

"लेखीत 'नायक' लिहून निभेल," मी म्हणाले. "पण तोंडीला उत्कर्षबिंदू वाचायला दिला तर? आई बंद दाराबाहेरून पोराला हाक मारते, तिथंच तर नाटक तापतं!"

"मी 'आवं' म्हनते."

"आई पोराला आवं म्हणेल?"

"मंग न्हाई वाचत. नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी व्हतं."

अंगणात मोटारसायकल पुसणारे काका ओरडले, "मी काय मरत न्हाई! खुशाल घे!"

"तुमी गप बसा," काकू म्हणाली. "तुमच्या आयुष्यातलं तुमाला काय कळतंय!"

तोंडीच्या दिवशी आम्ही तिघं एकाच गाडीवर अंबडच्या कॉलेजात गेलो. काकू आत गेली, दार लागलं. मी आणि काका बाहेरच्या बाकावर. काकांना दोन मिनिटांत डुलकी लागली, कारण बाक दिसला की ते झोपतात. मी मात्र वरच्या झरोक्याकडे कान लावून बसले.

"शोकांतिका म्हणजे?" सरांनी विचारलं. काकूनं धडाधड सांगितलं. "छान. आता पान अठ्ठेचाळीस. आईचे संवाद वाचा."

झालं! तेच पान.

आत पान उलटल्याचा आवाज. पंख्याची घरघर.

"वाचताय ना?"

"वाचते, सर."

पुन्हा नुसता पंखा. माझी नखं संपली. आणि मग, अंगणवाडीतल्या चाळीस पोरांना एका हाकेत गोळा करणारा तो आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला,

"बद्रीनाथ, दार उघड!"

काका ताडकन उठले आणि त्यांनी दार उघडलं.

"काय झालं?" ते घाबरून म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

काकांनी डोळे चोळले. "बद्रीनाथ."

सरांनी पुस्तकात पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा पुस्तकात. काकूचे कान लालभडक झाले होते, पण बोट ओळीवरच होतं. तिनं काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दार लावून घ्या," ती म्हणाली. "अजून पुढं हाये."

आणि ती पुढचं वाक्य वाचू लागली.

काकांनी दार आवाज न करता ओढून घेतलं. बाकावर मात्र ते परत आले नाहीत. दाराला पाठ लावून तिथंच उभे राहिले आणि व्हरांड्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करत राहिले.