धाकटीच्या खोलीतला पहिला बुधवार

आमचा प्रार्थनागट इतका फोफावला होता, की उशिरा येणाऱ्यास उंबरठ्यावर बसावे लागे आणि मागच्या रांगेतल्या माणसाचे दुःख पुढच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. मी धंद्याने रंगारी. परंतु प्रभुकृपेने हा गट प्रारंभापासून माझ्याच घरी भरत आला. पाळकसाहेबांनी सुचविले, की गट निरोगी राहावयाचा असेल तर आता एकाचे दोन झाले पाहिजेत. दुसऱ्या गटाची पुढारी म्हणून मी माझ्या मेहुणीचे नाव पुढे केले. आम्ही तिला धाकटी म्हणतो. ती बेकरीत पाव बांधण्याचे काम करते. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी अबोला आहे, हे तिला माझ्याआधी ठाऊक असते. मात्र चारचौघांत बोलावयाचे म्हटले की तिच्या तोंडचे पाणी पळते.

तिने पुष्कळ आढेवेढे घेतले. अखेरीस म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासाठी हो म्हणते. पण बुधवारी माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही, तर पुन्हा मला या भानगडीत ओढायचं नाही."

मी शब्द दिला खरा, परंतु माणसे जमविणे माझ्या हाती नव्हते. कारण कोणत्या घरी जावे हे ज्याने त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावे, असे पाळकसाहेबांनी जाहीर केले होते. मला कोणास भीड घालता येईना.

बुधवारी संध्याकाळी मी सतरंजी अंथरून बसलो. घड्याळ पुढे सरकले, दार मात्र वाजेना. एकाएकी ध्यानात आले, की सर्व मंडळी तिकडेच गेली असावीत! हर्षाने माझा ऊर भरून आला. परंतु मंडळी तिकडेही नसली तर, अशी शंका पत्नीने काढली आणि पायात चपला सरकवीत म्हणाली, "सतरंजीला काय वचन सांगत बसणार? चला, तिकडं दोन डोकी तरी वाढतील."

आम्ही अक्षरशः धावत निघालो.

धाकटीची खोली दुसऱ्या मजल्यावर, ती एवढीशी. जिन्यापर्यंत चपलांचा खच! बसचालक सपत्नीक पलंगाच्या काठावर, परिचारिका ओट्याला टेकून, निवृत्त गुरुजी दारात अर्धे आत, अर्धे बाहेर. विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. बाकीचे सगळे रंगाऱ्याकडेच जाणार, बिचारी धाकटी एकटी पडेल, असे प्रत्येकास वाटले होते! गुरुजी कुरकुरले, की आपण हा त्याग समजून एवढे जिने चढलो. बसचालक म्हणाला, इतकी माणसे गाडीत घेतली तर आपले लायसन्सच जाईल.

हशा पिकला. व्यवस्था लावावी म्हणून मी सवयीने घसा खाकरला. तोच धाकटी स्टुलावर चढली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"थांबा, भाऊजी. पुढारी मी आहे ना?"

तिने खोलीभर नजर फिरविली.

"माझी कीव करून आलात, उपकार झाले. आता कामाचं बोलू. नर्सताई, तुमचं हॉस्पिटल इथून जवळ, तुम्ही इथं. ड्रायव्हरदादा, वहिनींना माझ्याशी बोलायचंय, तुम्हीही इथं. गुरुजी, तुमचे गुडघे माझ्या जिन्याला पुरायचे नाहीत, तुम्ही भाऊजींकडे." अशी तिने एकेकाची वाटणी केली आणि शेवटी आपल्या बहिणीकडे वळली. "ताई, भाऊजींना घेऊन जा. हे समोर असले, तर मी प्रश्न विचारायच्या आत यांचं उत्तर तयार असतं."

हे शंभर टक्के सत्य होते.

आम्ही निम्मे लोक जिना उतरू लागलो. वर धाकटीने प्रार्थनेस आरंभ केला. आवाज कापत होता, परंतु थांबत नव्हता. मेहुणीने मला घराबाहेर काढले होते आणि मी दोन-दोन पायऱ्या ओलांडीत उतरत होतो. मागून गुरुजी विनवीत होते, जरा हळू चला.